अजून एक रॉड

बोअरच्या गाड्या येतात त्या दोन. एकीवर खडक फोडायचं यंत्र असतं. दुसरीवर रॉड, केसिंगचे पाइप, डिझेलचे बॅरल आणि कामगारांचा सगळा संसार. महाराष्ट्राच्या शिवारात फिरणाऱ्या यातल्या कितीतरी गाड्यांची पाटी तमिळनाडूची असते, कारण नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोड हे या धंद्याचं माहेर. पाणी कुठे लागेल ते सांगणारा पाणाड्या आदल्या दिवशी येऊन गेलेला असतो. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथे उभा राहिला तिथे त्याने चुन्याची फुली मारलेली असते. अगरबत्ती लागते, नारळ फुटतो आणि काम सुरू होतं.

आधी माती आणि मुरूम. हा भाग भुसभुशीत असतो, म्हणून मोठ्या व्यासाचं भोक पाडून त्यात केसिंग उतरवतात. साधारण २० ते ४० फूट, पक्का खडक लागेपर्यंत. पैसे वाचवायला केसिंग आखूड घातलं तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच मुरूम आत ढासळतो. मग मोटर खाली अडकते आणि ती वर काढायला मोटरच्या किमतीएवढा खर्च येतो. केसिंगच्या खाली साडेसहा इंची हॅमर चालतो. हवेच्या दाबाने खडकाचं पीठ वर उडतं. करडं पीठ म्हणजे काळा पाषाण, लालसर झालं तर गेरूचा थर, पांढरे ठिपके असलेली चुरी आली की मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा खडक. पीठ ओलसर होऊन त्याचा चिखल झाला, की बांधावर बसलेली माणसं उठून उभी राहतात.

बहुतेक गाड्यांवरचा रॉड २० फुटांचा असतो. ४०० फूट म्हणजे २० रॉड. दर फुटावर ठरतो आणि तो खोलीबरोबर चढतो. पहिल्या टप्प्यात एक दर, पुढच्या प्रत्येक शंभर फुटांना वाढीव. म्हणजे सगळ्यात महाग फूट तोच, जिथे पाणी लागायची आशा सगळ्यात कमी. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, रात्री दोन-अडीचच्या सुमारास, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून कुणीतरी म्हणतं, अजून एक रॉड टाका.

कोरड्या बोअरवर हे म्हटलं जातं ते समजण्यासारखं आहे. आतापर्यंत घातलेले पैसे खड्ड्यात सोडून निघायला जीव होत नाही. वर किती खर्च झाला याचा खाली पाणी असण्याशी काही संबंध नसतो, पण त्या वेळी तो वाटतो. मला जास्त विचार करायला लावतो तो ओला बोअर. दीड इंच पाणी लागलेलं आहे, चिखल उडतोय, पोरं नाचतायत, आणि तिथेही तेच वाक्य येतं. दीड लागलंय, अजून एक रॉड टाकला तर दोन होईल. कधी होतं. कधी काहीच फरक पडत नाही. आणि कधी कधी हॅमर खालच्या कोरड्या भेगेत घुसतो आणि वरचं लागलेलं पाणी तिच्यातून उतरून जातं.

हे ‘इंच’ प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. शिवारात बोअरचं पाणी डोळ्यांच्या अंदाजाने इंचांत सांगतात. भूजलवाले मात्र ते मोजायला पत्र्याची इंग्रजी व्ही आकाराची खाच वापरतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते इंचांत वाचायचं. यात एक गंमत आहे, जी बांधावर फारसं कुणी लक्षात घेत नाही. दोन इंच म्हणजे एक इंचाच्या दुप्पट नाही. काटकोनी खाचेत उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० आणि तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. बोलताना ‘इंचभराचाच तर फरक’ म्हणतात, तो इंचभर एवढा असतो.

आता एक हिशेब करू. घरात सहा माणसं, दोन बैल, एक म्हैस. सरकारी नळयोजनेचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. जनावरांचं धरून या घराला दिवसाला सातशे लिटर पाणी पुरे. म्हणजे एक इंचाचा बोअर दीड तास चालला की झालं. बोअर मारायचा विचार पहिल्यांदा घरात येतो तेव्हाचं वाक्य काय असतं? ‘प्यायचं पाणी दारात आलं तरी बास.’ डोक्यावरचा हंडा उतरावा, टँकरची वाट बघणं संपावं, एवढीच ती इच्छा असते. ती एक इंचात पूर्ण होते. पण एक इंच पाणी लागलेल्या बोअरला सगळं गाव काय म्हणतं? फेल गेला.

इच्छा पूर्ण होते आणि त्याच क्षणी ती नापास ठरते. प्यायच्या पाण्याची इच्छा घेऊन सुरू झालेलं काम २०० फुटांपर्यंत पोचता पोचता बागायतीचं झालेलं असतं. ही अदलाबदल कोणत्या रॉडला झाली ते कुणालाच सांगता येत नाही.

मराठीत तहान भागते, भूक भागते, गरज भागते. हाव भागत नाही, हाव सुटते. भाषेने दोघींना वेगवेगळी क्रियापदं दिली आहेत. तहान पोटातून येते आणि तिच्या मापाचं पाणी मिळालं की थांबते. हाव समोर दिसणाऱ्या पाण्यातून निघते, म्हणून पाणी वाढलं की तीही वाढते.

मोटेच्या काळातली माणसं आपल्यापेक्षा समाधानी होती, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मला ते फारसं पटत नाही. त्यांच्या इच्छेला बाहेरून वेसण होती, इतकंच. विहीर पाच-सहा परस खोल, परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची. चामड्याची मोट, तिचे दोर नाडा आणि सोंदूर, बैलांनी उतरायची धाव, आणि मोट रिकामी होते ते थारोळं. एका मोटेला दीड-दोनशे लिटर पाणी. बैल उन्हं चढेपर्यंत चालत, मग त्यांना सोडावंच लागे. रात्रभरात विहिरीच्या झऱ्यांनी पाणी परत भरून येई. उपसा आणि भरणी यांचा मेळ बैलाच्या दमाने घातलेला होता. त्यावर एक-दीड एकर बागायत निघे आणि बाकी रान पावसावर. मोट हाकणाऱ्यालाही चार एकर भिजवावंसं वाटत असणारच. त्याच्या बैलांना तसं वाटत नव्हतं.

पुढे ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. १९७२ च्या दुष्काळात खडक फोडणारी यंत्रं गावोगाव फिरली, ती प्यायच्या पाण्यासाठी. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. हातपंपाचा इतिहासही आपल्याच मातीतला. भारतभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाच्या आधीचे दोन पूर्वज जालना आणि सोलापूरचे होते. हातपंपावर दोन घागरी भरल्या की खांदा दुखतो. तीही एक वेसणच. पाणबुडी मोटर आली आणि खांदा, बैल, दम हे सगळं हिशेबातून निघून गेलं. राहिला फक्त खडक.

खडक काही बोलत नाही, पण त्याचं गणित सरळ आहे. महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे. या खडकाच्या पोटात पाणी साठायला जागा फार थोडी. वरचा झिजलेला थर, भेगा आणि मांजऱ्यातली भोकं एवढीच. ढोबळ मानाने शंभर भाग खडकात दोन भाग पाणी धरा. म्हणजे एक एकर रानाखाली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली तर हाती आलेलं पाणी सुमारे ८० हजार लिटर. बोअरवाला ज्याला ‘खाली नदी वाहतेय’ म्हणतो ती नदी अशी असते. जसजसं खाली जावं तसतशा भेगा कमी आणि अरुंद होतात. पाचशे-सहाशे फुटांवर पाणी लागतं तेव्हा ते भेगेत कित्येक वर्षं साठून राहिलेलं असतं. पहिले काही महिने जोरात येतं, कारण आपण साठा उपसत असतो. मग मोटर अर्धा तास चालते आणि हवा ओढते. तेव्हा ‘बोअर आटला’ म्हणतात. वास्तविक तो तेव्हा आपल्या खऱ्या मापाला आलेला असतो.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा जास्त खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आणि तिच्यावर बंधन घातलं, ते याच कारणाने. दोनशे फुटांपर्यंतचं पाणी बहुतेक आपल्या पावसाचं. त्याखालचं आपल्या वाट्याचं नसतं. ययातीची गोष्ट सांगताना तूप ओतून आग विझत नाही, या शेवटच्या कबुलीवर आपला भर असतो. मला त्यातला व्यवहार जास्त लक्षात राहतो. हजार वर्षं भोगलेलं तारुण्य त्याचं स्वतःचं नव्हतं, ते मुलाकडून, पुरूकडून घेतलेलं होतं. सहाशे फुटांवरचं पाणी पिणारा ऊस पाहिला की पुरूची आठवण होते.

पातळी खाली गेली की पंपही खाली उतरवावा लागतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर शंभर फुटांवरून तासाला सुमारे १८ हजार लिटर पाणी फेकते. तीच ताकद पाचशे फुटांवरून जेमतेम साडेतीन हजार लिटर वर आणते. म्हणून मग साडेसात हॉर्सपॉवर, मग दहा, पंपाला जास्त स्टेज, जाड केबल, आणखी पाइप. वीज रात्री येते म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की शिवारातल्या चाळीस मोटरी एकाच सेकंदाला सुरू होतात, विजेचा दाब कोसळतो, मोटरीचं वाइंडिंग जळतं, नाहीतर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जळतो. डीपी बदलून येईपर्यंत उभं पीक माना टाकतं, म्हणून दुसरा बोअर हवा. विहिरीच्या तळाशी भिंतीतून शंभर-शंभर फुटांचे आडवे बोअर मारतात, शेजाऱ्याच्या रानाखालचा झरा आपल्याकडे वळावा म्हणून. शेजाऱ्याकडेही तेच यंत्र येतं. त्याचा ४०० फूट, माझा ४५०. पाणी किती हवं, याचं उत्तर कुणी स्वतःच्या रानाकडे बघून देत नाही. बांधापलीकडे बघून देतं.

आणि मग ऊस.

उसावर लिहिताना शहरातली माणसं चटकन ‘हाव’ हा शब्द वापरतात. तो अर्धवट आहे. ऊस गारपिटीत झोपला तरी बराचसा हाती लागतो. तो विकायला आडतीवर जावं लागत नाही. कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. केंद्र सरकार दर ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. कांदा, टोमॅटो, तूर यांच्यातलं कुणीही असं वचन देत नाही. तेव्हा ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने ऊस लावणं हा शहाणपणाच असतो. अडचण एवढीच, की हा शहाणपणा पाण्याच्या मापाचा नाही.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो रानात १६ ते १८ महिने उभा असतो. म्हणजे लावायचा निर्णय विहीर भरत असताना होतो आणि त्या निर्णयाचं पाणी पुढच्या एप्रिल-मे महिन्यात लागतं. भरल्या ताटावर बसून उपासाचा बेत आखण्यासारखं आहे हे. उसाला एकूण सुमारे २०० सेंटिमीटर उंचीचं पाणी लागतं. ६०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात त्यातलं ४० सेंटिमीटर पावसाचं कामी आलं असं उदारपणे धरलं, तरी उरलेलं १६० सेंटिमीटर विहिरीतून द्यायचं. एकरी ६५ लाख लिटर होतात. त्याच एकरावर पडलेल्या पावसातलं जमिनीत मुरतं साधारण दहा टक्के, म्हणजे अडीच लाख लिटरांच्या आत. थोडक्यात, पाट पाण्यावरचा एक एकर ऊस २६-२७ एकरांवर मुरलेलं पाणी एकटा पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले, फलाटावर गर्दी झाली. एका एकर उसाला अशा १३ गाड्या लागतात.

ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मुळापर्यंत कधी पोचलो हे कळावं कसं, ते मात्र म्हणीत नाही.

यावर उत्तर म्हणून ठिबक आलं. सोळा मिलिमीटरची नळी, ठरावीक अंतरावर तोट्या, ताशी दोन-चार लिटर, मुळाशी नेमकं पाणी. तंत्र उत्तम आहे आणि उसाचं पाणी निम्म्यावर आणण्याची त्यात ताकद आहे. वाचलेल्या पाण्याचं काय होतं ते पाहा. एक एकराचं पाणी दोन एकरांना पुरतं हे लक्षात आल्यावर दुसऱ्या हंगामात दोन एकर ऊस असतो. विहिरीवरचा उपसा तेवढाच. वर आणखी एक गोष्ट होते, जी सहसा कुणी सांगत नाही. पाट पाण्यात वाया जाणाऱ्या पाण्यातलं बरंचसं मुरून त्याच विहिरीत परत येत असे. ठिबकाचं येत नाही, कारण ते जवळजवळ सगळं पिकाने पिऊन टाकलेलं असतं. म्हणून बचतीचं साधन बसवलेल्या शिवाराची पातळी आधीपेक्षा जास्त वेगाने उतरू शकते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वाफेची इंजिनं काटकसरी झाली तशी ती जास्त ठिकाणी बसली आणि देशाचा एकूण कोळसा अधिकच जळू लागला.

शेततळ्याची कहाणीही याच घरातली. ओढ्याला वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायला तळं, ही मूळ कल्पना. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यातलं मोठं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कडांना एकास एक उतार धरला तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. पाणी मुरू नये म्हणून खाली ५०० मायक्रॉनचा कागद अंथरतात. शिवारात प्लॅस्टिकलाही कागदच म्हणतात. कागद अंथरला की तळं टाकी होतं. टाकी पावसाने भरायची वाट कोण बघणार? ऑक्टोबरात विहिरीला पाणी असतं, शेजाऱ्यानेही मोटर लावलेली असते, म्हणून आधी आपलं उपसून तळ्यात टाकायचं. जमिनीच्या पोटात, सावलीत, फुकट साठलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं. चैत्र-वैशाखात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर. मार्च ते मे या तीन महिन्यांत पातळी उतरत जाते, तळ्याचं तोंड लहान होत जातं, तरी पाच-सहा लाख लिटर उन्हाच्या पोटात गेलेले असतात. ज्याने साठवलं त्यालाही हे ठाऊक असतं. तो म्हणतो, विहिरीत ठेवलं तर शेजारी नेईल. ऊन निदान सगळं नेत नाही. त्याच्या जागेवरून त्याचं बरोबरच आहे, आणि हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

तळ्याच्या भरवशावर फळबाग लागते. द्राक्ष, डाळिंब, मोसंबी. इथे इच्छेचं रूपच बदलतं. ज्वारी-हरभऱ्याचं रान पाऊस कमी झाला तर पडीक ठेवता येतं. त्या वर्षी इच्छेला सुट्टी. झाडाला सुट्टी देता येत नाही. मोसंबीला बहर यायला चार-पाच वर्षं जातात आणि एक उन्हाळा तिला जाळायला पुरतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागात मोसंबीच्या बागांच्या बागा वाळल्या आणि माणसांनी कुऱ्हाडीने तोडल्या. त्याआधी टँकर झाले होते, कर्ज झालं होतं, नवे बोअर झाले होते. पाणी जास्त होतं म्हणून लावलेली बाग दोन-तीन वर्षांत पाणी मागणारी बाग होते. मग तिला पाणी देणं ही हौस उरत नाही, गरज होते, आणि ‘एवढं तरी लागतंच’ हे वाक्य पुन्हा अगदी खऱ्या तळमळीने म्हटलं जातं. गरजेची रेघ अशी सरकते. ती कुणी पुसून नवी काढत नाही. तिच्यावर झाड लावलेलं असतं आणि झाडाबरोबर ती वाढत जाते.

मग थांबायचं कुठे? पाणी हातात आल्यावर कुणी थांबल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. जी आहेत, त्यांच्यात माप पाणी यायच्या आधी ठरलेलं दिसतं. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत बघा. बंधाऱ्याखालचं रान फडांमध्ये वाटलेलं असायचं आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात भुसार, ते आधी ठरे. पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं, रानाच्या मालकाचं नव्हे. नदीला पाणी कमी असेल तर त्या साली कमी फड भिजत. आपल्या वाफ्यात चोरून उसाचं बेणं लावावं तर ते आजूबाजूच्या हरभऱ्यात लपणार कसं?

पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांनी पाणी रानाला दिलंच नाही, माणसाला दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, मग रान दहा एकर असो की तीस. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. पाण्यावरून रान वाढवायचा रस्ताच या शेवटच्या नियमाने बुजवला. साळुंखे इंजिनिअर होते. गळती कुठून होते ते त्यांना बरोबर दिसलं असावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक चराई-कुऱ्हाडबंदी आणि समतल चर यांच्याबद्दल बोलतात. ती कामं पुष्कळ गावांत झाली, आणि त्यातल्या कितीतरी गावांत अडवलेलं पाणी दोन-चार वर्षांत नव्या बोअरनी उपसून टाकलं. पोपटराव पवारांच्या गावाने शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली, ऊस-केळीला बंदी घातली, आणि तीही पाणी वाढल्यावर पाळली. मला विशेष वाटतं ते या पाळण्याचं. डोंगरावर चर खणायला श्रमदान मिळतं, कारण त्यातून मिळायचं असतं. भरलेली विहीर बघत हरभरा पेरायला काय लागतं, त्याचा फोटो काढता येत नाही.

दरवर्षी पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. गावाच्या क्षेत्रावर किती मिलिमीटर पाऊस पडला, त्यातलं वाहून किती गेलं, उडालं किती, मुरलं किती. त्यातून आधी माणसं आणि जनावरं वजा करायची. उरलं ते रब्बीला. पाऊस चांगला असेल तर दुसरं पीक, कमी असेल तर कोणती पिकं घ्यायची नाहीत तेही ग्रामसभेत ठरतं. आकडे साधे आहेत, शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचे. अवघड आहे तो क्रम. पिकं ठरवून मग पाणी शोधायचं, या सवयीच्या नेमकं उलट जावं लागतं.

सध्या सगळा वारा दुसऱ्या बाजूने वाहतोय. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्याने माफ केली. सौर पंपांची योजना अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात हॉर्सपॉवर देते. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. रात्री साप-विंचवातून पाणी द्यायला जाणं थांबलं, हे मोठंच सुख आहे आणि त्यावर एसीत बसून कुणी नाक मुरडू नये. पण उपशाची शेवटची बाहेरची वेसणही त्याबरोबर गेली. पंप आता सूर्य मावळेपर्यंत चालतो, आणि उपसलेल्या शेवटच्या लिटरालाही किंमत पडत नाही.

विहिरीची पातळी मोजणं अगदी सोपं आहे. भूजलवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावाने निदान दोनदा मोजावी, पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्याच्या शेवटी. आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवायची, नाहीतर उपसलेली पातळी खरी समजली जाते. कठड्यावर एक कायमची खूण करायची आणि दरवेळी तिथूनच मोजायचं. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या दोन-तीन मीटरला खडू फासायचा. टेप पाण्यात जाईल एवढी सोडायची, कठड्याच्या खुणेवरचा आकडा वाचायचा, आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की पातळी मिळते. ऑक्टोबर आणि मे यांतला फरक म्हणजे बहुतांशी त्या वर्षीचा उपसा. ऑक्टोबरची पातळी मागच्या ऑक्टोबरपेक्षा खाली असेल, तर आपण मुद्दलातून खातोय.

दहा मिनिटांचं काम आहे. एकजण टेप सोडतो, एकजण वहीत लिहितो, दोघं-तिघं कठड्यावरून वाकून बघत असतात. खडू कोरडा-ओला कुठे होतो त्यावर थोडा वाद होतो. आकडा लिहून झाला की वही मिटता मिटता त्यांच्यातला एखादा सहज विचारतो, ‘त्या मळ्यातल्या नव्या बोअरला किती लागलं म्हणे?’